तापाचे साक्षीदार

३० मे २०२४ या दिवशी आमच्या नागपुरात ५६ अंश उष्णतामान झालं, अशी बातमी सुटली आणि बघता बघता ती देशभर पोचली. नागपूरच्या माणसाला आपल्या उन्हाचा मनातून अभिमान असतो, हे बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. पुणेकराला जसं आपल्या बोलण्याचं कौतुक, तसं आम्हांला आपल्या उन्हाचं. त्यामुळे 'छप्पन्न' हा आकडा उच्चारताना कित्येकांच्या चेहऱ्यावर त्रासापेक्षा मोठेपणाच अधिक दिसत होता. पण हे वैभव फार टिकलं नाही. हवामान खात्यानं खुलासा केला की, ज्या स्वयंचलित केंद्रानं तो आकडा दिला त्याचा इलेक्ट्रॉनिक सेन्सर बिघडलेला होता, आणि आकडा चुकीचा होता. म्हणजे ऊन खरं, घाम खरा, कूलरचं वाढलेलं वीजबिलही खरं. खोटा काय तो एक साक्षीदार!

हा प्रसंग मला पुन्हा आठवला तो गेल्या मे महिन्यात, आमच्या इमारतीत घडलेल्या एका प्रकरणामुळे. तेही तापाचंच प्रकरण होतं, फक्त रुग्ण संगणक होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. वय चौऱ्याहत्तर. सारी इमारत त्यांना 'बाई' म्हणते. गेली अकरा वर्षं बाई वऱ्हाडी बोलीतले शब्द जमवताहेत. एस्‌टीत शेजारी बसलेल्या म्हातारीकडून, भाजीवालीकडून, माहेरच्या गावी पारावर बसणाऱ्यांकडून त्यांनी शब्द वेचले. आधी चिठ्ठ्या झाल्या, मग वह्या झाल्या, आणि आता सारा कोश संगणकात चढतो आहे. पहाटे चारला उठायचं, चहा घ्यायचा आणि सहा वाजेपर्यंत टंकलेखन करायचं, हा त्यांचा नेम. मी मराठी शिकवतो म्हणून शंका विचारायला त्या माझ्याकडे येतात, आणि बहुधा माझ्याच दोन शंका फेडून जातात.

मे महिन्यात हा संगणक मधेच बंद पडू लागला. आधी तो रेंगाळे. कळ दाबली की अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागे. मग काही मिनिटांनी, काही न सांगता, एकदम अंधार! एकदा तर 'उन्हाया' या शब्दाचा अर्थ लिहीत असतानाच तो मालवला. बाई म्हणाल्या, "सर, यालाही उन्हाया सोसला नाही."

त्यांनी दुकानदाराला बोलावलं. त्यानं उष्णतामान दाखवणारा एक प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर आकड्यांची रांग उभी राहिली, आणि त्यांत एक आकडा होता १२७! दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकशे सत्तावीस डिग्री. बोर्ड जळायला आलाय. प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही बदला, नाहीतर सरळ नवीन घ्या. एकवीस हजारांत बसवून देतो."

एकवीस हजार ही रक्कम बाईंच्याकडे नव्हती असं नाही. पण ती कोशाच्या छपाईसाठी म्हणून पेन्शनमधून बाजूला टाकलेली होती. जिना उतरून त्या आमच्याकडे आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, आता ठरवायचं एवढंच, की कोश लिहायचा की छापायचा. दोन्ही काही जमायचं नाही." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, मला मात्र पुढे काय बोलावं ते सुचेना.

आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे एक गृहस्थ आहेत. स्टाफरूममध्ये त्यांचा लौकिक असा, की त्यांना 'आज फार उकडतंय' असं म्हटलं तर ते 'कशावरून?' असं विचारतात. मी त्यांना घेऊन वर गेलो. त्यांनी पहिली गोष्ट केली ती कोशाच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याची. "आधी मालमत्ता सुरक्षित, मग रोग्याची तपासणी," ते म्हणाले. हा क्रम वाचकांनीही ध्यानात ठेवावा असा आहे. तापलेलं यंत्र दुरुस्त होतं. गेलेलं लिखाण परत येत नाही.

मग त्यांनी पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं. त्यांत लक्ष देण्याजोगे तीन होते. एक तो १२७. दुसरा २८, आणि त्याच्यापुढे 'सीपीयू' असं स्वच्छ लिहिलेलं. तिसरा, प्रोसेसरच्या गाभ्याचा म्हणून दिलेला, पन्नास-साठच्या घरात खालीवर होणारा. बाई म्हणाल्या, "मी रोज तो अठ्ठावीस बघते. म्हटलं, याला ताप नाही, दुसरंच काही दुखत असेल."

"तीन साक्षीदार, तीन जबान्या," प्राध्यापकमहाशय म्हणाले. "उद्या पहाटे उलटतपासणी घेऊ. तोवर यंत्र बंद."

उलटतपासणी अशी होती. रात्रभर बंद राहिलेल्या यंत्राच्या आतलं सगळं खोलीइतक्याच उष्णतामानाला आलेलं असतं. पाण्याचा माठ असता तर तो गार झाला असता; पण पेटीत कुठं पाणी मुरत नाही, आणि पंख्यानं नुसती हवा फिरवून कोणतीही वस्तू खोलीपेक्षा थंड होत नाही. त्यांनी भिंतीवरचा साधा उष्णतामापक टेबलावर आणून ठेवला. पहाटेही तो ३४ दाखवत होता. यंत्र सुरू केलं. गाभ्याचा आकडा ४१ आला. खोलीहून थोडा अधिक, म्हणजे पटण्याजोगा. 'सीपीयू' म्हणवणारा आकडा २८ वरच. भोवती ३४ अंशांची हवा आणि मधला ठोकळा २८! आणि १२७? तो पहाटेच्या थंड यंत्रातही १२७ च.

"हा बोलतच नाही," ते १२७ कडे बोट दाखवून म्हणाले, "याला कुणी विचारलेलंच नाही."

याचा खुलासा साधा आहे. मदरबोर्डवर निरीक्षणाची एक वेगळी चिप असते. उष्णतामान, विजेचा दाब, पंख्याचे फेरे यांवर ती नजर ठेवते. तिला अनेक तारा जोडण्याची सोय असते. पण प्रत्येक बोर्ड बनवणारा त्या साऱ्या जोडतोच असं नाही. न जोडलेल्या जागेवरूनही चिप काहीतरी वाचतेच, आणि प्रोग्रॅम बिचारा ते काहीतरी पडद्यावर छापतो. आता आठ बिटांत, ऋण आणि धन दोन्ही बसवायचे तर, मावणारा सर्वांत मोठा आकडा १२७. म्हणजे हा आकडा ताप सांगत नव्हता. वहीतला रकाना संपल्याचं सांगत होता. रिकाम्या खुर्चीला हजेरीत 'उपस्थित' मांडावं, तसलाच हा प्रकार. २८ ची गोष्ट थोडी निराळी. त्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं असावं, पण ते प्रोसेसरपासून इतक्या दूर, की त्याला आतलं काही ऐकू येत नसावं. नाव मात्र प्रोग्रॅमनं त्याला 'सीपीयू' असं देऊन टाकलेलं.

खरा साक्षीदार तिसरा. हा प्रोसेसरच्या पोटात, ऐन जाळाजवळ बसलेला असतो. पण त्याचीही बोलण्याची एक तऱ्हा आहे, आणि ती ठाऊक नसली तर शहाणी माणसंही फसतात. इंटेलच्या चिपमधला हा सेन्सर 'आता इतके अंश झाले' असं सांगत नाही. 'कमाल मर्यादेला इतके अंश उरले' असं सांगतो. रेल्वेतल्या प्रवाशाला 'कुठवर आलात?' विचारावं आणि त्यानं 'वर्धा चाळीस मैल राहिलं' म्हणून सांगावं, तसं. प्रोग्रॅम मग ती कमाल मर्यादा घेतो, तीतून हे अंतर वजा करतो आणि आपल्याला नेहमीचा आकडा दाखवतो. गंमत म्हणजे सेल्सियस साहेबांनी १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली तीही अशीच उलटी होती. उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर! ती सुलटी झाली त्यांच्या मृत्यूनंतर. इंटेलच्या चिपनं पुन्हा तीच जुनी चाल उचलली, असं म्हणायला हरकत नाही.

पण कमाल मर्यादाच ठाऊक नसेल तर? २००६ मध्ये इंटेलचे 'कोअर २' प्रोसेसर बाजारात आले, तेव्हा घरगुती संगणकांच्या चिपची ही मर्यादा कंपनीनं जाहीर केलेली नव्हती. प्रोग्रॅम लिहिणारे अंदाजानं चालले. कुणी ८५ धरी, कुणी १००. एकाच यंत्राला एका प्रोग्रॅमनं पंचेचाळीस म्हणावं आणि दुसऱ्यानं साठ! इंटेलनं आकडे जाहीर केले ते २००८ मध्ये. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट उघड झाली. हे सेन्सर मर्यादेच्या जवळ अचूक बोलतात. यंत्र निवांत असताना ते बरेच अंश चुकू शकतात, आणि काही तर एका आकड्यावर अडून बसतात. यात लबाडी काही नाही. त्यांना नेमलंच आहे ते आगीची वर्दी द्यायला. सकाळची हवा कशी आहे हे सांगायला नव्हे.

एएमडी कंपनीची गोष्ट याहून मौजेची. २०१७ मध्ये तिचे 'रायझेन' प्रोसेसर आले. त्यांतले १७००एक्स आणि १८००एक्स हे महागडे प्रकार घेणारे लोक घाबरून गेले, कारण स्वस्त भावंडांच्या मानानं हे फारच तापलेले दिसत. मग कंपनीनं सांगितलं की, या प्रकारांच्या आकड्यात मुळातच २० अंश मिळवलेले आहेत! निरनिराळ्या प्रोसेसरांवर पंख्यांची चाल एकसारखी ठेवता यावी म्हणून केलेली ती सोय होती. आकडा पंख्यासाठी होता. माणसानं तो वाचला आणि झोप घालवून बसला. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलेलं असतं, तेही अशाच सोयीसाठी. पाहुण्याला मात्र ते कुणी सांगत नाही, आणि तो उगीच गाडीसाठी धावत सुटतो.

"पण सर," बाईंनी विचारलं, "मी दुसरा एक प्रोग्रॅमही लावून पाहिला होता. त्यानंही अठ्ठावीसच दाखवला. दोघं सांगतात म्हटल्यावर खरं मानू नये का?"

हा प्रश्न आला आणि पदार्थविज्ञानाच्या तासाला मराठीच्या प्राध्यापकाला बोलायची संधी मिळाली. जुन्या ग्रंथांचे पाठ तपासताना हीच अडचण येते. एका ओवीचा एक पाठ दहा पोथ्यांत सापडला म्हणून तो खरा ठरत नाही. त्या दहाही पोथ्या एकाच चुकलेल्या पोथीवरून उतरवलेल्या असतील, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार, दहा तोंडांनी बोलणारा. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. असल्या कामाला हात घालणाऱ्याला पोथ्या मोजून भागत नाही. कोणती कुठून आली ते पाहावं लागतं. बाईंचे दोन प्रोग्रॅम एकाच सेन्सरची नक्कल उतरवत होते. त्यांचं एकमत होणारच! स्वतंत्र साक्ष हवी असेल तर ती दुसऱ्या जागेवरून यायला हवी. भिंतीवरचा उष्णतामापक ही तशी एक साक्ष. आपला हात ही दुसरी.

बाईंनी लगेच ते टिपून घेतलं. म्हणाल्या, "माझ्या कोशातही पाहायला हवं. एकाच गावच्या चार जणींनी सांगितलेला अर्थ मी चारदा धरलाय."

आता हाताची साक्ष. प्राध्यापकमहाशयांनी पेटीची बाजू उघडली आणि प्रोसेसरला मुद्दाम अवघड कामाला जुंपलं. गाभ्याचा आकडा भराभर चढला. सत्तर, पंचाऐंशी, अठ्ठ्याण्णव. 'सीपीयू'वाला सज्जन या काळात २८ वरून ३१ वर आला, बस. पंखा जीव तोडून फिरत होता. मग त्यांनी यंत्र बंद करून प्लग काढला, आणि प्रोसेसरवर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला, ज्याला हीट सिंक म्हणतात त्याला, बोट लावलं. मलाही लावायला सांगितलं. ठोकळा जेमतेम कोमट होता.

"सापडलं," ते म्हणाले.

वाचकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावं, कारण निदानाचं सारं मर्म इथं आहे. चिप तापलेली आणि ठोकळाही तापलेला असेल, तर उष्णता चिपमधून बाहेर पडते आहे, पण हवा ती वाहून नेत नाही. दोष पंख्यात, धुळीत किंवा कोंदट जागेत. चिप तापलेली आणि ठोकळा मात्र गार, तर उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नाही. दोष दोघांच्या सांध्यात. चुलीवर तवा आहे, पण चुलीला टेकलेला नाही!

हा सांधा नाजूक असतो. २००४ चा एक पेंटियम ४ प्रोसेसर घ्या. त्याच्या चिपचं क्षेत्रफळ ११२ चौरस मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढं, आणि त्यातून निघणारी उष्णता ११५ वॉटपर्यंत. पूर्वी आपल्या घरात शंभराचा दिवा असे. त्याहून अधिक आच एका नखावर! ती वर ठोकळ्यात जायची तर दोन धातू घट्ट भिडायला हवेत. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या धातूंतही बारीक फटी असतात, त्यांत हवा असते, आणि हवा ॲल्युमिनियमच्या मानानं हजारो पटींनी कमी उष्णता वाहते. म्हणून मधे थर्मल पेस्टचा पातळ थर देतात. वर्षांनुवर्षं तापून ही पेस्ट सुकते. शिवाय इंटेलचे कितीतरी पंखे बोर्डात प्लॅस्टिकच्या चार खुंट्या दाबून बसवायचे असतात. चारही 'टक्‌' असा आवाज करून बसायला हव्यात.

बाईंच्या यंत्रात तीनच बसल्या होत्या. चौथी वरून बसल्यासारखी दिसे, पण बोर्डाच्या पलीकडे तिनं पकड घेतलीच नव्हती. मार्च महिन्यात यंत्राची साफसफाई करून घेतल्याचं बाईंना आठवलं. त्या वेळी पंखा काढून पुन्हा बसवला असणार. हिवाळा असता तर यंत्र कसंबसं निभावून नेतं. नागपूरच्या मे महिन्यानं तेवढी सवलत दिली नाही.

मग दुरुस्ती काय? जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसली, मटारच्या लहान दाण्याएवढी नवी लावली, समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या खुंट्या जोडीजोडीनं दाबल्या. चार वेळा 'टक्‌' ऐकू आलं. तेच अवघड काम यंत्राला पुन्हा दिलं. खोलीत ३७ अंश होते, आणि गाभा ६६ वर येऊन स्थिरावला. अठ्ठ्याण्णवाचे सहासष्ट! खर्च पेस्टच्या एका लहान नळीचा. १२७ मात्र अजून १२७ च आहेत, आणि राहतील. बाईंनी त्या आकड्यावर कागदाचा एक तुकडा चिकटवून टाकलाय.

या प्रकरणात एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. दुकानदाराला १२७ नं फसवलं, असं आपण म्हणतो. पण बाईंना पंधरा दिवस अंधारात ठेवलं ते २८ नं. ओरडून खोटं सांगणाऱ्याकडे निदान चार लोक धावून जातात आणि खोटं उघडं पडतं. 'सारं ठीक आहे' असं हळू आवाजात खोटं सांगणारा अधिक वाईट. त्याच्याकडे कुणी संशयानं पाहत नाही. घरात, कचेरीत, संस्थांच्या अहवालांतही असे अठ्ठावीस पुष्कळ असतात.

आणि यंत्राचं कौतुक करायचं तर याबद्दल, की पडद्यावरच्या गोंधळावर ते स्वतः कधीच विसंबलं नाही. २००१ च्या सप्टेंबरात 'टॉम्स हार्डवेअर' या संगणकविषयक प्रकाशनानं एक प्रयोग करून दाखवला होता. चालू संगणकांच्या प्रोसेसरवरून हीट सिंक उचलून घेतला. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण जिवंत राहिला; एएमडीचा ॲथलॉन क्षणार्धात जळून गेला. आजचे सगळे प्रोसेसर स्वतःला सांभाळतात. आधी चाल मंद करतात, तरी भागलं नाही तर वीज तोडतात. बाईंचा संगणक रेंगाळला आणि विझला, ती त्याची मूर्च्छा होती. आतल्या खऱ्या साक्षीदाराचं ऐकून त्यानं आपला जीव वाचवला होता. आपण मात्र तिला मृत्यू समजून एकवीस हजार मोजायला निघालो होतो.

आता दिवाळीचे दिवस. माळ्यावरची पिंपं उतरतात, कपाटांमागची जळमटं निघतात, पंख्याची पाती पुसली जातात. टेबलाखालच्या त्या पेटीकडे मात्र कुणी वळत नाही. तिलाही एक सकाळ द्यावी. प्लग काढावा; आतल्या कशाला हात लावण्यापूर्वी पेटीच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मऊ कोरड्या ब्रशानं धूळ काढावी; पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, त्याला भोवऱ्यासारखं फिरू देऊ नये. चारही खुंट्या पाहाव्यात. पेटी भिंतीला टेकवून किंवा कपाटात कोंडून ठेवू नये.

आकडे पाहायचे तर रात्रभर बंद असलेल्या यंत्रावर पाहावेत, आणि शेजारी साधा उष्णतामापक ठेवावा. खोलीपेक्षा कमी दाखवील तो खोटा. थंड-गरम दोन्ही वेळा एकच आकडा सांगेल तो मुका. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चालवू नयेत. ते एकाच सेन्सरशी एकदम बोलू लागले की वेडेवाकडे आकडे येतात. आणि नव्या यंत्राचा आकडा मोठा दिसला म्हणून लगेच घाबरू नये. २०२२ मध्ये आलेले रायझेन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर कामाच्या भरात ९५ अंशांवर चालावेत, अशीच त्यांची रचना आहे.

बाईंचा कोश 'ह' पर्यंत आला आहे. छपाईचे पैसे शाबूत आहेत. पहाटे चारला वरच्या मजल्यावर पंख्याची बारीक घरघर सुरू होते ती मला खाली ऐकू येते, आणि मी कूस बदलून पुन्हा झोपतो.